डॉक्टरेटचं सोडा, तीन वर्षं पगार नाही हे घरी सांगितलंय का?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की अमेरिकेत ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी व्यक्ती डॉक्टरच असते असं नाही, पुष्कळदा नर्स असते आणि मी त्यातलीच एक. झालं, त्यावर इतके प्रश्न आले की संपादकांनी ह्या वेळचं अख्खं सदरच मला देऊन टाकलं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत, कारण दोघींनी लिहिलंय की सासरी अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न (डॅलसहून) : ताई, मी बीएससी नर्सिंग सोलापूरला केलंय, इथे येऊन एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) झालं, आता मेडिकल आयसीयूत दीड वर्षं आहे. नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचंय पण सगळीकडे डॉक्टरेट लागते असं दिसतं. म्हणजे पीएचडी करायची का? मास्टर्सवर होत नाही का?

होत होतं, आता नाही. 1 जानेवारी 2022 पासून जो कोणी ह्या कोर्सला नव्याने लागतो त्याला डॉक्टरेटच करावी लागते. त्याआधी मास्टर्स होतं, ते सुद्धा 1998 पासून सक्तीचं, आणि त्याच्याही आधी नुसतं सर्टिफिकेट घेऊन लोक हे काम करायचे. जुन्या लोकांचं काही बिघडलेलं नाही, मला ट्यूब घालायला जिने शिकवलं ती मास्टर्सवालीच, तीस वर्षं भूल देतेय आणि माझ्या डॉक्टरेटची रोज मस्करी करते.

पण ही पीएचडी नव्हे. डीएनपी किंवा डीएनएपी अशी पदवी असते, म्हणजे प्रॅक्टिसची डॉक्टरेट. थिसिस नाही, पाच-सहा वर्षं लॅबमध्ये बसणं नाही, एक प्रोजेक्ट असतो. माझा प्रोजेक्ट ऑपरेशननंतरच्या उलट्या कमी करण्यावर होता आणि खरं सांगते, कोर्सचा सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच होता. बाकी कोर्स म्हणजे कमीत कमी 36 महिने पूर्ण वेळ, फार्माकॉलॉजी, फिजिऑलॉजी, भुलीच्या मशिनच्या आतली नळी न् नळी, आणि मग ओटी. निदान 2000 तास क्लिनिकल आणि निदान 600 केसेस तुमच्या नावावर लागतात, त्यात लहान मुलं, बाळंतपणं, छाती उघडलेले पेशंट अशा सगळ्यांचा वेगवेगळा कोटा, नुसत्या श्वासनलिकेत ट्यूब घालायच्याच 250. शेवटी नॅशनल बोर्डाची परीक्षा, तीन तास, प्रश्न 100 ते 170 ह्याच्यामध्ये कितीही, कारण तुम्ही जसं उत्तर द्याल तसा कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो आणि त्याला वाटलं की तो बंद. माझा बंद झाला तेव्हा मी पार्किंगमध्ये अर्धा तास गाडी सुरू न करता बसले होते.

तेव्हा डॉक्टरेट ह्या शब्दाला घाबरू नका. घाबरायचं ते पुढच्या दोन गोष्टींना, आयसीयू आणि पैसा.

प्रश्न (तिघींचा मिळून, न्यू जर्सी, अ‍ॅटलांटा, शिकागो) : आयसीयूचं एक वर्ष लागतं म्हणतात. पीएसीयू (ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात तो वॉर्ड) किंवा इमर्जन्सीचं धरतात का? आणि इंटरव्ह्यूत काय विचारतात?

नियमात क्रिटिकल केअरचं किमान एक वर्ष आहे. पण नियमातलं एक आणि निवड होणाऱ्यांचं एक ह्यात फरक, प्रत्यक्षात बहुतेकांचं दोन-तीन वर्षं झालेलं असतं. पीएसीयू आणि इमर्जन्सी बहुतेक प्रोग्रॅम धरत नाहीत, थोडे धरतात, त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं ते वाचा, मैत्रिणीच्या मैत्रिणीला विचारू नका. सर्जिकल, मेडिकल, कार्डिओव्हॅस्क्युलर, ह्या आयसीयू सगळीकडे चालतात. सीसीआरएनची, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सिंगच्या सर्टिफिकेटची, परीक्षा द्या, तिला गेल्या दोन वर्षांत 1750 तास गंभीर पेशंटची थेट सेवा लागते (पाच वर्षांत 2000 असाही एक मार्ग आहे).

इंटरव्ह्यूचं सांगते, आणि इथे जरा सविस्तर सांगणार आहे कारण मी पहिल्या वर्षी ह्यातच आपटले.

समोर तिघं बसलेले, कुठला प्रोग्रॅम ते नाही सांगत. पहिला प्रश्न, तुमचा अलीकडचा सगळ्यात आजारी पेशंट सांगा. मी छान सांगितलं, सेप्सिस, व्हेंटिलेटरवर, बीपी वाढवायला नॉरएपिनेफ्रिन चालू, मग त्याच कामाचं दुसरं औषध व्हॅसोप्रेसिन जोडलं. त्यांनी विचारलं, का जोडलं? मी म्हटलं, डॉक्टरांनी ऑर्डर दिली.

शांतता. ती शांतता मला अजून ऐकू येते.

मी खोटं बोलले नव्हते, ऑर्डर डॉक्टरांचीच होती. पण आपल्याकडे नर्सिंग शिकताना हेच उत्तर पूर्ण मार्कांचं असतं ना, सरांनी सांगितलं म्हणून दिलं, राउंडला हात मागे बांधून उभं राहायचं, वहीत लिहायचं, प्रश्न विचारला तर सिस्टर आगाऊ. त्या टेबलावर हे उत्तर म्हणजे मी पंपाचं बटण दाबणारी बाई एवढंच झालं. त्यांना ऐकायचं होतं की नॉरएपिनेफ्रिन मुख्यतः अल्फा रिसेप्टरवर काम करून रक्तवाहिन्या आवळतं, डोस वाढवत नेला तरी बीपी धरत नव्हतं, व्हॅसोप्रेसिन वेगळ्याच रिसेप्टरवरून तेच काम करतं आणि रक्तात अ‍ॅसिड वाढलेलं असतानाही चालतं, म्हणून ते. हे मला येत होतं हो! मला फक्त हे माहीत नव्हतं की ते बोलून दाखवायची माझी जागा आहे.

त्या वर्षी नकार आला. पुढचं वर्षभर मी एकच केलं, प्रत्येक ड्युटीला प्रत्येक ड्रिपपुढे स्वतःला विचारलं, हे का, हेच का, आणि हे बंद पडलं तर मी पहिल्या मिनिटात काय करीन. नाइटला रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) मोकळे असतात, त्यांच्या मागे लागले. एकदा एकाने वैतागून विचारलं की तू परीक्षा देणारेस का माझी घेणारेस. दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी बोलावलं, एका ठिकाणी झालं.

तर तयारी करायची ती ह्याची. एबीजी (रक्तातले वायू आणि अ‍ॅसिड दाखवणारा रिपोर्ट) हातात दिला तर मोठ्याने विचार करत वाचता यायला हवा. शिवाय जाण्याआधी एखाद्या सीआरएनएबरोबर (म्हणजे बोर्डाची परीक्षा पास झालेल्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टबरोबर) ओटीत दिवसभर उभं राहून या, शॅडोइंग म्हणतात त्याला, पुष्कळ प्रोग्रॅम मागतातच आणि तुम्हालाही कळेल की आवडतंय का, कारण काहींना खरंच नाही आवडत. आयसीयूत निदान पेशंटच्या घरच्यांशी बोलणं असतं, इथे पेशंट दोन मिनिटं बोलतो आणि झोपतो. पॅशन, माझी आजी आजारी होती वगैरे निबंध सगळेच लिहितात, तो फार घोटत बसू नका.

प्रश्न (फिनिक्सहून) : मुलगी चार वर्षांची आहे. कोर्स करताना वीकेंडला नोकरी करता येते का? मिस्टरांचं म्हणणं आहे की अर्धवेळ करत करत कर.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की होत नाही. बरेच प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी लेखी घेतात की नोकरी करणार नाही किंवा केली तर आमची जबाबदारी नाही. पहाटे पाचला ओटीत मशिन चेक करायला पोचायचं, संध्याकाळी घरी येऊन उद्याच्या प्रत्येक पेशंटचा प्लॅन लिहायचा, रात्री प्रिसेप्टरला (ओटीत शिकवणाऱ्या सीनियरला) पाठवायचा, मधे मधे ऑन-कॉल ड्युटी. माझ्या बॅचला एकाने पहिल्या सेमिस्टरला महिन्यातून दोन नाइट करून पाहिल्या, दुसऱ्या सेमिस्टरला नाही केल्या.

आता हिशेब मांडू या, कारण मला आलेल्या पत्रांत पुढच्या पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ होता आणि मधल्या खड्ड्याचा कोणालाच नाही. पगार चांगला आहे हे खरं, सरकारी आकडेवारीत मे 2024 ला नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचा मधला पगार वर्षाला 2,23,210 डॉलर आणि साध्या आरएनचा (रजिस्टर्ड नर्सचा) 93,600. म्हणजे तीन वर्षं घरी पगार न आणणं हीच पावणेतीन लाखांच्या पुढची किंमत झाली, त्यावर फी, ती पुष्कळ ठिकाणी लाखाच्या वर जाते, आणि त्यावर मुलीचं डेकेअर, घराचा हप्ता, हेल्थ इन्शुरन्स. इन्शुरन्स तुमच्या नोकरीचा असेल तर तो पण जाणार, हे हमखास विसरतात.

माझ्या वेळी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं, त्यातून फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही निघायचं. 2025 च्या जुलैत कायदा झाला आणि 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ते बंद. आता पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला 20,500 आणि एकूण एक लाखापर्यंत, ज्यांना प्रोफेशनल म्हणून धरतात त्यांना वर्षाला 50,000 आणि एकूण दोन लाख. शिक्षण खात्याने प्रोफेशनल पदव्यांची जी यादी पुढे आणली त्यात डॉक्टर, डेंटिस्ट, वकील होते आणि नर्सिंग नव्हतं, त्यावरून नर्सिंगच्या संघटना चांगल्याच भडकल्या. ज्या कोर्सला नोकरी करता येत नाही, ज्यात माणसाचा श्वास तुमच्या हातात देतात, तो प्रोफेशनल नाही म्हणणं मला तरी पटत नाही. तुमच्या वर्षाला नेमकं काय लागू होईल ते अर्ज करायच्या आधी त्या त्या शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसला फोन करून विचारा, अ‍ॅडमिशन मिळाल्यावर नव्हे.

आणि व्हिसा. सरकारी कर्ज सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. आपल्या कितीतरी मुली एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) आयसीयूत काम करतात, त्यांना ते मिळत नाही, मग प्रायव्हेट बँक, त्यांना बहुतेक वेळा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला को-साइनर, म्हणजे जामीन, लागतो आणि तिथे मग दूरच्या चुलतदिराची आठवण होते. डॅलसवाल्या ताईंनी व्हिसाचं काही लिहिलेलं नाही, पण तुम्ही एच-फोरवर असाल तर हे आधी बघा. काही हॉस्पिटलं शिकताना स्टायपेंड देतात आणि बदल्यात दोन-तीन वर्षं तिथेच नोकरीचा करार करतात, गावाकडच्या हॉस्पिटलांत हे जास्त दिसतं, वाईट सौदा नाही, करार मात्र नीट वाचा. अमेरिकन लष्कराचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे, त्यात फी नाही आणि पगार चालू राहतो, पण त्याला सिटिझन असावं लागतं आणि नंतर वर्षं द्यावी लागतात.

आम्ही काय केलं सांगते. अ‍ॅडमिशनच्या आधी दीड वर्षं माझा पगार आला की तसाच बाजूला टाकायचा आणि मिस्टरांच्या एकट्याच्या पगारात घर चालवून बघायचं ठरवलं. पहिले तीन महिने रोज भांडणं. गाडी एकच ठेवली, इंडियाची एक ट्रिप गेली, सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या (त्यांच्याशिवाय झालंच नसतं, हे मी छापून देतेय, त्यांना कात्रण पाठवा). पण त्यामुळे कोर्स सुरू झाला तेव्हा घराला सवय झालेली होती. मिस्टर अर्धवेळ नोकरीचं म्हणत असतील तर त्यांना आजपासून तुमचा पगार नाही असं धरून दोन महिने काढून बघू द्या, मग बोला.

प्रश्न (नाशिकहून, बीएससी नर्सिंगची विद्यार्थिनी) : मॅडम, हा कोर्स भारतात कुठे आहे? किंवा इथून थेट अमेरिकेत अ‍ॅडमिशन मिळेल का? माझी ताई जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, तिला चालेल का?

बाळा, भारतात नर्सने स्वतः भूल द्यायची हे पदच नाहीये. तिकडे भूल भूलतज्ज्ञच देतात, एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीचा बीएससी केलेले लोक असतात, पण ती शाखा नर्सिंगची नाही. पुण्यात-मुंबईत कोणी नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचं सर्टिफिकेट विकत असेल तर त्यावर अमेरिकेत कोणी विचारणार नाही, पैसे घालवू नकोस. क्रिटिकल केअरमध्येच पुढे जायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे, तो बघ.

थेट अ‍ॅडमिशन नाही. अमेरिकेतलं आरएन लायसन्स लागतं, म्हणजे शिक्षणाच्या कागदांची तपासणी, एनक्लेक्स, इंग्लिशची परीक्षा, मग नोकरी आणि व्हिसा, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग लांब असते. मग तिथली आयसीयू, कारण भारतातली आयसीयू कितीही चांगली असली तरी पुष्कळ प्रोग्रॅम अमेरिकेतलाच अनुभव मागतात. सगळं धरून तुझ्यापासून ते पहिल्या केसपर्यंत आठ-दहा वर्षं. ताईला जीएनएमवर थेट नाही चालणार, बॅचलर्स डिग्री लागते, तिने आधी पोस्ट बेसिक बीएससी करावं.

तुला आत्ता करण्यासारखं एकच, केमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्सचे मार्क. तिकडे ते जीपीएत (4 पैकी सरासरी गुणांत) बदलतात आणि 3.0 च्या खाली बहुतेक ठिकाणी फाइल उघडतच नाहीत. आणि पास झालीस की ट्रान्सक्रिप्टचे चार-पाच सीलबंद सेट लगेच काढून ठेव. मी दहा वर्षांनी काढायला गेले, माझा सगळा उन्हाळा युनिव्हर्सिटीच्या एका खिडकीपुढे गेला, भाऊ माझ्या वतीने जाऊन उभा राहायचा आणि रोज वेगळा साहेब रजेवर.

प्रश्न (पिट्सबर्गहून, एका आईचा) : माझा मुलगा नर्सिंग करतोय, नातेवाईक हसतात. ह्या लाइनला मुलगे जातात का?

ह्या लाइनला तर भरपूर. अमेरिकेत एकूण नर्सेसमध्ये पुरुष दहातला एखादा, नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टमध्ये दहातले चार. माझी बॅच जवळजवळ अर्धी-अर्धी होती. नातेवाइकांना पगाराचा वरचा आकडा सांगा, हसणं थांबेल, मग तेच त्यांच्या मुलासाठी फोन करतील.

प्रश्न (ह्यूस्टनहून) : आयसीयूत रोज इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब घालणं) बघतो, औषधं आम्हीच देतो. मग ओटीत वेगळं काय असतं?

बघणं आणि करणं एवढंच, पण ते एवढंच फार मोठं आहे. माझी पहिल्या आठवड्यातली केस, पेशंट धिप्पाड, छातीपर्यंत दाढी. प्रोपोफॉल दिलं, दुधासारखं पांढरं औषध, शिरेतून गेलं आणि वीस-तीस सेकंदांत डोळे मिटले, श्वास थांबला. आता तो श्वास मी द्यायचा. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा वर उचलायचा, उजव्या हाताने बॅग दाबायची. दाढीतून हवा फुस्स करून बाहेर. परत दाबलं, परत फुस्स. आयसीयूत अशा वेळी मी ट्रॉलीजवळ सिरिंज घेऊन उभी असायचे आणि मास्क धरणाऱ्या रेसिडेंटला मनात नावं ठेवायचे की एवढं कसं जमत नाही. प्रिसेप्टर काही बोलली नाही, बॅग माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, दोन्ही हातांनी धर. दोन्ही हातांनी मास्क दाबला, जबडा उचलला, तिने बॅग दाबली आणि स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइडची पहिली रेघ चौकोनी डोंगरासारखी वर आली. सॅच्युरेशन एवढ्या वेळात 100 वरून 98 झालं होतं फक्त, कारण झोपवण्याआधी तीन मिनिटं भरपूर ऑक्सिजन दिलेला होता. मला वाटलं दहा मिनिटं गेली. बोटांना संध्याकाळपर्यंत पेटके येत होते.

प्रश्न (कोल्हापूरहून, एका मामांचा) : भाचीने ही डॉक्टरेट केली. गावात आम्ही डॉक्टर झाली म्हणून पेढे वाटले, ती चिडली. चुकलं का आमचं?

मामा, पेढे वाटले ते बरोबरच केलंत, पदवी डॉक्टरेटचीच आहे. ती चिडली असेल कारण इथे ह्या शब्दावरून जुनं भांडण आहे. नर्सनी भूल देणं इथे नवीन नाही, मिनेसोटात रॉचेस्टरला मेयो बंधूंच्या ऑपरेशनला अ‍ॅलिस मॅगॉ नावाची नर्सच ईथर द्यायची आणि 1906 मध्ये तिने 14,000 हून जास्त केसेसचा अहवाल छापला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. तरी डॉक्टर मंडळी कोर्टात गेली, 1936 ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने नर्सच्या बाजूने निकाल दिला. अलीकडे भांडण नावावर आलंय. नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 ला स्वतःच्या नावातच अ‍ॅनेस्थेटिस्ट काढून अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी घातलं, आणि त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट हा शब्द डॉक्टरांपुरताच ठेवायचा निर्णय उचलून धरला. म्हणून पेशंटपुढे आम्ही सरळ सांगतो, मी नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, तुमची भूल मी बघणार. डॉक्टर म्हणवून घेतलं तर पेशंटचा गोंधळ होतो आणि मला तो करायचाही नाही.

ओटीत तर ना कोणी डॉक्टर म्हणतं ना सिस्टर. माझ्या नावाचा उच्चार सर्जनला तीन वर्षांत जमलेला नाही. तो पडद्याच्या पलीकडून मान वर न करता ओरडतो, "अ‍ॅनेस्थेशिया, टेबल जरा खाली!" आणि मी टेबल खाली घेते.